पावतीवर एक नाव, खोलीत सहा माणसे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयाचे नाव 'भाडेकरूंचे हक्क' असे छापले आहे. या नावाखाली आपण आजवर जे ऐकत आलो ते म्हणजे प्रमाणित भाडे, पागडी, घर खाली करून घेण्याची कारणे आणि पुनर्बांधणीत मिळणारी जागा. हे सारे महत्त्वाचे आहे. पण त्या सर्व चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. खोली एक, भाडेकरू एक, आणि त्याच्यामागे त्याचे कुटुंब. मला आज बोलावयाचे आहे ते या चित्रात न दिसणाऱ्या माणसाबद्दल. तो भाडे भरतो, पण खोलीचे नव्हे. खाटेचे, भिंतीलगतच्या पथारीचे, ट्रंक ठेवण्यापुरत्या कोपऱ्याचे. पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठांत आज त्याच्या राहण्याला 'कॉट बेसिस' म्हणतात. मुंबईत 'शेअरिंग' म्हणतात. गिरणगावात त्याला वेगळे नावच नव्हते. तो नुसता 'गाळ्यातला माणूस' होता.

गिरणगावापासूनच सुरुवात करू, कारण आपल्या चळवळीचा बराचसा जन्म तिथला. रत्नागिरी, सातारा या भागांतून गिरणीत आलेला कामगार बायकामुलांना गावी ठेवून येई. एका खोलीत दहा-पंधरा, कधी त्याहूनही अधिक पुरुष राहत. दिवसपाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा होई. भिंतीला खुंट्या, खुंटीला कपडे, खाली ट्रंक, वर वळकटी. अनेक ठिकाणी खोली एका गावच्या मंडळींची असे. भाडे वर्गणीने भरले जाई, नव्याने आलेल्या पोराला नोकरी लागेपर्यंत वर्गणी माफ असे, आणि जेवण खानावळीत. या खानावळी चालविणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभे केले ते याच बायकांचे. महिनाभर उधारीवर जेवू घालून पगाराच्या दिवशी हिशेब करणाऱ्या या बायकांनी गिरणी उद्योगाला किती भांडवल बिनव्याजी पुरविले, हा अर्थशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याने हाती घ्यावा असा विषय आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा हजारो कामगार गावी जाऊ शकले, कारण त्यांचे घर गावी होते. मुंबईत होती ती केवळ पथारी.

मात्र त्या खोलीची पावती कोणाच्या नावे असे? गावची मंडळी वर्गणी भरीत, पण भाडेपावतीवर नाव एकाचेच, बहुधा आधी आलेल्या, चार अक्षरे येणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्याचे. जोवर खोलीची किंमत भाड्याएवढीच होती तोवर यात कोणाला काही वावगे दिसले नाही. पुढे जमिनीचे भाव चढले, चाळींची पुनर्बांधणी आली, आणि त्या एका नावाला सदनिकेचे मोल आले. बी.डी.डी. चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांची सदनिका मिळू लागली. अशा वेळी ती सदनिका मिळते ती नोंदीवर नाव असलेल्याला, किंवा त्याच्या वारसाला. चाळीस वर्षे वर्गणी भरलेल्यांचा हिशेब कोणत्याही सरकारी वहीत नाही. आजोबा विश्वासाने वागले असतील. नातू वागेलच असे नाही.

याच शहरात, याच गरजेतून, दुसऱ्या एका समाजाने वेगळी वाट काढली. गोव्याहून आलेले खलाशी, आचारी, वादक यांनी धोबी तलाव, माझगाव या भागांत आपापल्या गावाच्या नावाने 'कूड' म्हणून ओळखले जाणारे क्लब काढले. धोबी तलावच्या जेर महल इमारतीत असे अनेक क्लब आहेत. बोट लागेपर्यंत खलाशाने तिथे राहावयाचे, आपली पेटी ठेवावयाची, नाममात्र मासिक वर्गणी भरावयाची, संध्याकाळच्या प्रार्थनेला हजर राहावयाचे. शिस्त कडक, जागा अपुरी, आणि स्त्रियांना स्थान नाही. म्हणजे आदर्श समाज वगैरे तो नव्हता. पण खोली क्लबची होती, एका माणसाची नव्हती. सभासद यादीवर असत, कारभारी निवडलेले असत, वही ठेवली जाई. जो मेला किंवा गावी परतला त्याच्याबरोबर खोली गेली नाही. गाळा आणि कूड यांत दारिद्र्याचा फरक नव्हता, कागदाचा होता.

आता कायद्याकडे येऊ. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याचे पूर्ण नाव 'मुंबई भाडे, हॉटेल व लॉजिंग हाऊस दर नियंत्रण कायदा' असे होते. या लांबलचक नावातच कबुली आहे की शहरात माणसे केवळ भाड्याच्या घरात राहत नाहीत, लॉजिंगमध्येही राहतात, आणि तिथल्या दरावरही सरकारने नजर ठेवली पाहिजे. १९९९ साली नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला तेव्हा नावातून हॉटेल आणि लॉजिंग हाऊस हे शब्द गेले.

जुन्या कायद्याने भाडेकरूला पोटभाडेकरू ठेवण्यास मनाई केली. तरी शहरात पोटभाडेकरू राहतच होते, म्हणून १९५९ साली वटहुकूम काढून तोवर असलेल्यांना संरक्षण दिले. मग 'पोटभाडे' हा शब्द टाळून 'लिव्ह अँड लायसन्स' हा शब्द रूढ झाला. ती माणसेही पुष्कळ झाल्यावर १९७३ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेला परवानाधारक भाडेकरू ठरला. म्हणजे कायदा दर बारा-चौदा वर्षांनी मागून धावत येतो आणि जे घडून गेले त्यावर शिक्का मारतो. तेही ठीक. पण त्या १९७३ च्या दुरुस्तीतली एक अट लक्ष देऊन वाचावी अशी आहे. परवानाधारकाच्या ताब्यातील जागा 'एका खोलीहून कमी नसावी' असे तिथे म्हटले आहे. शिवाय परवानाधारकाच्या व्याख्येतून पेइंग गेस्ट वगळला, लॉजिंग हाऊस व वसतिगृहात राहणारा वगळला.

एका खोलीहून कमी नसावी! ज्याला पूर्ण खोली परवडत होती त्याला कायद्याने जवळ केले, आणि ज्याला अर्धीच खोली परवडत होती त्याला बाहेर ठेवले. गरिबी जितकी अधिक तितका हक्क कमी, असे हे त्रैराशिक आहे. ते कोणी दुष्टाव्याने मांडले असे मी म्हणत नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बिऱ्हाड होते, माणूस नव्हता.

आणि आपल्या चळवळीच्या डोळ्यांसमोरही बिऱ्हाडच होते. भाडेकरूंच्या मोर्चांत आपण पावतीवाल्याचे रक्षण केले, आणि ते करावयासच हवे होते. पण भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठून राहिली तेव्हा घरमालकाने दुरुस्ती सोडली, आणि पावतीवाल्यांपैकी काहींनी आपल्या खोलीतले कोपरे चालू बाजारभावाने देण्यास सुरुवात केली. वर गोठलेले भाडे, खाली मोकळा बाजार. मधला फरक ज्याच्या खिशात गेला तोही आपल्याच मोर्चात होता. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने भाडी अशी कायमची गोठविणे अवाजवी ठरविले तेव्हा आपल्याकडे बरीच आदळआपट झाली. त्या निर्णयाचा रोख कोणाला अनुकूल होता हे मला ठाऊक आहे. तरीही इतके म्हणावेसे वाटते की खोलीतल्या सहाव्या माणसाला त्या गोठलेल्या भाड्याचा लाभ कधीच मिळत नव्हता.

आजची स्थिती काय आहे? गिरण्या गेल्या, गाळे ओसरले. पण खाटेचा बाजार वाढलाच आहे. स्पर्धा परीक्षांसाठी मराठवाड्यातून, विदर्भातून पुण्यात येणारा मुलगा, हिंजवडीत लागलेली मुलगी, घरपोच माल पोहोचविणारा पोरगा, रुग्णालयातली परिचारिका, हे सारे खाटेवर राहतात. या बाजाराचे गणित साधे आहे. आकडे केवळ उदाहरणादाखल घ्या. समजा, दोन खोल्या-स्वयंपाकघराची एक सदनिका कुटुंबाला दरमहा २०,००० रुपयांना जाते. तीत आठ खाटा टाकल्या आणि खाटेमागे ४,५०० घेतले, तर ३६,००० होतात. वरचे १६,००० रुपये कशाचे? विटा त्याच, नळ तोच, शौचालयही तेच एक. ते पैसे दाटीचे आहेत. रिकार्डोने जमिनीच्या सुपीकतेवरून खंडाचा सिद्धान्त मांडला. आमच्या पेठांत खंड माणसांच्या गर्दीतून पिकतो. त्यात प्रत्येकाकडून दोन महिन्यांची अनामत घेतली तर ७२,००० रुपये बिनव्याजी वापरावयास मिळतात, आणि मुलगा सोडून जाताना रंगाचे, नळाचे, फुटक्या काचेचे म्हणून त्यातले किती परत येतील हे घेणाऱ्याच्या मर्जीवर. पुष्कळदा हे सर्व करणारा मूळ मालक नसतोच. मधला एखादा माणूस मालकाकडून अख्खी सदनिका घेतो आणि खाटा विकतो. मालकाला २०,००० च मिळतात आणि पोरांना मालकाचे तोंडही माहीत नसते.

अशा घरात जो करार असतो तो एकाच नावाने असतो. मात्र पोलीस ठाण्यात भाडेकरूंची माहिती देताना बहुधा सगळ्यांची नावे, छायाचित्रे, गावचे पत्ते दिले जातात. संशय घेण्यासाठी आठही जण अस्तित्वात आहेत. हक्क देण्यासाठी एकच.

आणि जे नाव करारातून गळते ते बहुधा कोणाचे असते, याचीही चौकशी आपण करावी. 'पूर्ण नाव काय?' हा प्रश्न घर पाहावयास गेलेल्या मुलाला का विचारला जातो हे इथे बसलेल्या कोणाला समजावून सांगावयास नको. दलित मुलगा, मुसलमान मुलगा मित्रांच्या आडोशाने खोलीत येतो. कागदावर त्याचे आडनाव आले तर खोलीच जाईल, म्हणून सगळेच संमतीने ते गाळतात. संविधानाचे पंधरावे कलम प्रामुख्याने शासनाला बांधते, खाजगी घरमालकापर्यंत ते सरळ पोहोचत नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तर एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा नियम ग्राह्य धरला. या बाबतीत नवा कायदाच व्हावा लागेल. ती मागणी आपण पुढे नेली नाही तर दुसरे कोणी नेणार नाही.

परंतु आहे त्या कायद्यातही आपण समजतो त्याहून अधिक सामग्री आहे, आणि कार्यकर्त्याने ती तोंडपाठ ठेवली पाहिजे. १९९९ च्या कायद्याचे कलम ५५ घ्या. भाड्याचा असो वा लिव्ह अँड लायसन्सचा, प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. अकरा महिन्यांचा असला म्हणून नोंदणी नको, ही दलालाने पसरविलेली समजूत आपल्या राज्यात चुकीची आहे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. आणि खरी ताकद पुढच्या वाक्यात आहे. नोंदणीकृत करार नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरावयाचे. म्हणजे 'आमच्यात तोंडी ठरले होते' असे म्हणणाऱ्या मालकावर पुराव्याचा भार आहे. मुलांना हे माहीत नसते, म्हणून ती घाबरून सामान आवरतात.

दुसरे, पेइंग गेस्ट. दारावर 'पी.जी.' अशी पाटी लावली म्हणून कोणी पेइंग गेस्ट होत नाही. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे मालक ज्या घरात स्वतः राहतो त्या घराचा भाग ज्याला दिला तो पेइंग गेस्ट. मालक राहतो कोथरूडला आणि खाटा टाकल्यात नारायण पेठेत, तर ते पेइंग गेस्टचे प्रकरण नव्हे. मग तो म्हणेल, मी वसतिगृह चालवितो. चालवीत असेल तर त्याला वसतिगृहाचे परवाने दाखविण्यास सांगावे. दोन्ही दगडांवर पाय ठेवण्याची त्याची सोय आपण का राखावी?

तिसरे, कुलूप. रात्री परत आल्यावर दाराला नवे कुलूप आणि सामान जिन्यात, हा प्रकार माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकाहून अधिक जणांवर गुदरला आहे. परवान्याची मुदत संपली असली, तरी स्थिर ताब्यात असलेल्या माणसाला मालकाने स्वतःच्या हाताने बाहेर काढता कामा नये, कायद्याच्या मार्गानेच काढले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली एका उपाहारगृहाच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. बेकायदा ताबा काढून घेतल्यास १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो. मात्र दुसरी बाजूही मुलांना सांगावी. मुदत संपल्यावर परवानाधारकाने जागा सोडलीच पाहिजे. न सोडल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे प्रकरण जाते आणि दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. मालकासाठी ही झटपट वाट कायद्याने ठेवली आहे. अनामत परत मिळविण्यासाठी मुलाला तशी वाट त्या कायद्यात नाही. मुद्रांक शुल्क आकारताना शासन अनामतीवरचे कल्पित व्याजसुद्धा हिशेबात धरते, पण अनामत किती असावी यावर मर्यादा घालत नाही. केंद्राने २०२१ साली राज्यांना पाठविलेल्या नमुना भाडे कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. नमुना म्हणजे कायदा नव्हे. तथापि मागणीला आधार म्हणून तो उपयोगी आहे.

आता खोलीच्या आतला भाग. हा मला सर्वांत अवघड वाटतो, कारण इथे समोर मालक नसतो, मित्र असतो. सर्वांची नावे करारात घाला, असे मी सांगतो तेव्हा त्याची किंमतही सांगितली पाहिजे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे अनेकांनी मिळून दिलेले वचन, उलट काही ठरले नसेल तर, त्यांपैकी कोणाही एकाकडून संपूर्ण वसूल करता येते. चौघांनी सही केली आणि दोघे परीक्षा संपताच निघून गेले तर मालक उरलेल्या दोघांकडून चौघांचे भाडे मागू शकतो. उरलेल्यांना गेलेल्यांकडून त्यांचा वाटा मागण्याचा हक्क आहे, पण गेलेला परभणीला आणि हक्क पुण्यात. म्हणून मालकाशी एक करार आणि आपसांत दुसरा, असे दोन कागद हवेत. आपसांतल्या कागदात अनामतीत कोणाचे किती, जाणाऱ्याने किती दिवस आधी सांगावयाचे, त्याच्या जागी माणूस कोणी आणावयाचा, विजेचे बिल कसे वाटावयाचे, एवढे लिहून सर्वांनी सह्या कराव्या. भाडे रोख देऊ नये. ज्याने त्याने आपला वाटा बँकेतून पाठवावा, म्हणजे वहीत नोंद आपोआप राहते.

'मित्रांत कसला कागद?' असे मुले म्हणतात. कूडमधले खलाशी एकाच गावचे, एकाच चर्चचे होते. तरी वही ठेवीत. कागद नसला की खोलीत कोण लहान कोण मोठा हे लगेच ठरते. ज्याच्या नावे करार तो हळूहळू मालकासारखा बोलू लागतो, पंखा कोणाच्या डोक्यावर फिरणार हे ठरवतो, आणि स्वतःचा वाटा कमी करून घेतो. भांडवलशाहीचे हे सर्वांत छोटे रूप पाहण्यासाठी कारखान्यात जावयास नको. मुलींच्या खोल्यांत यात आणखी एक भर पडते. रात्री दहाला दार बंद, पाहुणा बंद, अशा अटी कोणत्या कागदावर आहेत हे विचारण्याची सोय नसते, कारण अट मालकाची असते आणि ती राबविणारी मैत्रीण.

पक्षाच्या कचेऱ्यांत भाडेकरूंसाठी आठवड्यातून एक संध्याकाळ राखलेली असते तिथे आजवर येतात ते चाळीतले वयस्क गृहस्थ. त्यांना येऊ द्यावेच. पण खाटेवरचा मुलगा कचेरीत येणार नाही. तो अभ्यासिकेत आणि मेसमध्ये सापडतो. प्रवेश झाले, निकाल लागले की जून-जुलैत नव्या खाटा भरतात, अनामती दिल्या जातात, आणि वर्षभराची भांडणे त्याच पंधरवड्यात पेरली जातात. त्याआधी, मे महिन्यातच, दोन्ही कागदांचे मराठी नमुने छापून प्रत्येक मेसच्या गल्ल्यावर ठेवता येतील. नमुन्यात परवानाधारकाच्या नावासाठी एक ओळ न ठेवता सहा ठेवाव्यात. नोंदणी आता संगणकावरून होते आणि एकाच करारात अनेक नावे घालता येतात. पहिल्या दोन-चार खोल्यांबरोबर कार्यकर्त्याने स्वतः बसून ती करून द्यावी. मालक कुरकुरला तर कलम ५५ ची प्रत खिशात असू द्यावी, आणि ती वाचून दाखवताना आवाज चढवू नये. कुरकुरणारा मालकही पुष्कळदा निवृत्त कारकून असतो आणि त्यालाही मधल्या माणसाने फसविलेले असते.